उद्या पुन्हा या

आज २६ डिसेंबर. आयरिश समुद्रातल्या आयल ऑफ मॅन या बेटावर आज सूर्य चार वाजायच्या सुमारास मावळेल. कडाक्याचा वारा, आदल्या दिवशीच्या नाताळच्या जेवणाने जडावलेली घरे, बंद दुकाने. उबेतून उठून बाहेर पडावे असे काही या दिवसात नाही. तरी आज सकाळी डग्लस, रॅम्झी, पोर्ट सेंट मेरी अशा गावांतून माणसे बाहेर पडतात. एकाच्या हातात उंच काठी असते. काठीच्या टोकाला एकमेकांत अडकवलेली दोन कडी, त्यांना गुंडाळलेली हिरवी पाने आणि रंगीत फिती. काठी मधोमध धरायची आणि तिच्याभोवती फेर धरायचा. सोबत फिडल, बासरी, कधी हातात मावणारी भात्याची पेटी, म्हणजे कॉन्सर्टिना. एका नाक्यावर नाचून झाले की पुढचा नाका, पुढचे दार. फेरात आजोबा असतात आणि नातही असते. वाटेत कोणी थांबला तर त्याचाही हात धरून त्याला आत ओढतात.

याला तिथे रेनची शिकार म्हणतात. रेन म्हणजे दहा ग्रॅमसुद्धा न भरणारा, शेपटी उभी ठेवून झुडपांतून फिरणारा तपकिरी पक्षी. एके काळी ही शिकार खरीच होती. जॉर्ज वॉल्ड्रन या इंग्रज अधिकाऱ्याचे बेटाचे वर्णन १७३१ मध्ये छापले गेले, त्यात ती आहे: लोक पक्षी मारत, समारंभाने मिरवत, बेटाच्या मँक्स भाषेत शोकगीते म्हणत आणि चर्चच्या आवारात पुरत. पुढच्या काळात मेलेला पक्षी त्या कड्यांच्या मध्यभागी टांगून दारोदार नेत. नाणे देणाऱ्याला एक पीस मिळे. ते पीस जवळ असले की वर्षभर जहाज बुडत नाही अशी श्रद्धा होती, म्हणून हेरिंग मासे धरायला जाणारे कोळी ते जपून ठेवत. संध्याकाळपर्यंत त्या इवल्याशा जिवावर एकही पीस उरत नसे. या प्रथेमागे एक कथाही सांगतात. एका मोहिनीने बेटावरच्या पुरुषांना भुलवून पाण्यात नेले आणि बुडवले. पकडली जाणार तोच ती रेन होऊन उडाली, आणि दरवर्षी याच दिवशी त्या रूपात परत येण्याचा शाप तिला मिळाला. समुद्र ज्यांची माणसे गिळत होता, त्या बेटाने आपल्या भीतीला दिलेला हा आकार असावा असे आम्हाला वाटते.

आता पक्षी मारत नाहीत. कड्यांच्या मध्ये बनावट पक्षी असतो किंवा नुसतीच पाने. फेर, चाल आणि दारोदार जाणे मात्र तसेच राहिले आहे.

या तारखेला आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. १८९९ च्या २६ डिसेंबरला सेसिल शार्प हा चाळिशीतला संगीतशिक्षक ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन गावात सासूच्या घरी उतरला होता. बाहेर बर्फ होते. खिडकीतून त्याला पांढऱ्या कपड्यांतली काही माणसे घराकडे येताना दिसली. पोटऱ्यांवर घुंगरांचे पट्टे, हातांत रंगीत काठ्या आणि पांढरे रुमाल. त्यांच्यात कॉन्सर्टिना वाजवणारा विल्यम किंबर नावाचा सत्तावीस वर्षांचा गवंडी होता. ते मॉरिस हा इंग्लंडचा लोकनाच नाचले. नाचून झाल्यावर त्यांनी माफीच मागितली. हा नाच खरा व्हिटसनचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या सणाचा. पण थंडीने बांधकामे बंद पडली होती, हाताला काम नव्हते, म्हणून चार पैशांसाठी अवेळी निघालो, असे त्यांचे म्हणणे. शार्पने किंबरला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. तो आला. शार्पने त्याच्याकडून पाच चाली उतरवून घेतल्या.

इंग्लंडमधल्या लोकनृत्याच्या पुनरुज्जीवनाची सुरुवात इथून मोजतात. त्या गोष्टीतला एक तपशील मात्र बहुतेक जण घाईने ओलांडून जातात, आणि आम्हाला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. हेडिंग्टन क्वॉरी या वस्तीचा तो नाच शार्पने पाहिला तेव्हा अखंड चालत आलेला नव्हता. तो दहा-बारा वर्षे बंदच पडला होता. पर्सी मॅनिंग या ऑक्सफर्डच्या पुराणवस्तू-अभ्यासकाने जुन्या नाचणाऱ्यांना शोधून गोळा केले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ऑक्सफर्डच्या कॉर्न एक्स्चेंजमध्ये त्यांचा कार्यक्रम घडवून आणला. शार्पला जी अस्सल, मातीतली परंपरा वाटली, ती नऊ महिन्यांपूर्वी कोणीतरी हात देऊन उठवलेली होती.

म्हणून ती खोटी ठरते का? किंबरचे वडील नाचत होते. पावले त्याच्या अंगात होती, फक्त नाचायला निमित्त उरले नव्हते. निमित्त मॅनिंगने दिले, दुसरे शार्पने दिले, आणि तिसरे मेरी नील या बाईने. तिचा वाटा सांगायचा राहून जातो, म्हणून इथे थोडे थांबतो. नील लंडनमध्ये शिवणकाम करणाऱ्या गरीब मुलींसाठी एस्परान्स क्लब चालवत होती. १९०५ मध्ये मुलींना काहीतरी आनंदाचे शिकवावे म्हणून तिने शार्पला विचारले, त्याने किंबरचे नाव सांगितले. किंबर आपल्या एका चुलतभावाला घेऊन लंडनला आला आणि दिवसभर सुई चालवून थकलेल्या त्या पोरींना त्याने मॉरिस शिकवला. पुढे त्याच पोरी गावोगाव जाऊन शिकवू लागल्या. खेड्यातल्या पुरुषांचा नाच शहरातल्या मजूर मुलींनी पुन्हा खेड्यांत नेला.

नंतर शार्प आणि नील यांचे बिनसले. शार्पला पावले बिनचूक हवी होती, नीलला अंगातली उसळी महत्त्वाची वाटत होती. शार्पने १९११ मध्ये इंग्लिश फोक डान्स सोसायटी काढली आणि संस्थेच्या बळावर त्याची बाजू जिंकली. त्याच्या वह्या नसत्या तर आज अनेक चाली आणि पावले कोणालाही ठाऊक नसती, हे ऋण मोठे आहे. त्या वह्यांमागे माणसांची किंमतही आहे. त्याच्या प्रात्यक्षिक चमूतले चौघे तरुण १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात मारले गेले. त्यांत जॉर्ज बटरवर्थ हा संगीतकार होता आणि खेड्यांतली लोकनाट्ये गोळा करणारा रेजिनाल्ड टिडीही होता. हे सारे मान्य करूनही आमचे मन नीलच्या बाजूला जाते. पाऊल चुकले तर उद्या सुधारता येते. ज्या मुलीला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर टोकले, ती दुसऱ्या दिवशी येईलच असे नाही.

बिनचूक पाऊल की जिवंत नाच, हाच प्रश्न आयल ऑफ मॅनपुढे अधिक बिकट होऊन उभा राहिला, कारण तिथे नाचाबरोबर भाषाही चालली होती. व्हिक्टोरियाच्या काळापासून वाफेच्या बोटींनी लँकेशायरच्या गिरण्यांतले कामगार सुटीला बेटावर येऊ लागले. १९१३ च्या हंगामात पन्नास-बावन्न हजार वस्तीच्या बेटावर सहा लाखांहून जास्त पाहुणे उतरले. समुद्रकिनारी नाचघरे उभी राहिली, खाणावळी चालू लागल्या, पोटाचा प्रश्न सुटला. पण पाहुण्यांना मँक्स येत नव्हते आणि पाहुण्यांवर जगणाऱ्यांना ते बोलण्यात कमीपणा वाटू लागला. आईबाप मुलांशी इंग्रजीत बोलू लागले. भाषा मरते ती अशीच, घरातल्या घरात, मुलांच्या भल्याचा विचार करून. तिच्याबरोबर गाणी गेली, आणि ज्या गाण्यांवर पाय उचलायचे तीही गेली.

गेली म्हणताना काहींनी ती धरूनही ठेवली. कॅसलटाउनचा डॉक्टर जॉन क्लेग १८९० च्या दशकात बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांकडून चाली उतरवून घेत असे. ब्रॅडाच्या थॉमस कर्मोड या अंध कोळ्याने त्याला कितीतरी गाणी दिली. क्लेगकडे तीनशेच्या वर चाली जमल्या. नाचांचे काम पुढच्या पिढीत मोना डग्लसने अंगावर घेतले. ती १८९८ ची. लॅक्सीजवळच्या बॅलरॅगला आजी-आजोबांकडे राहिली. पुढे खेड्यापाड्यांत पुस्तके पोचवणाऱ्या ग्रंथालयाची ग्रंथपाल म्हणून तिने नोकरी केली, कविता केल्या, पत्रकारिता केली आणि आयुष्यभर म्हाताऱ्यांना पावले विचारत राहिली. १९३१ मध्ये तिने तरुणांची संघटना उभारली. आठ दशके ओलांडायच्या बेतात असताना तिने बेटाचा सांस्कृतिक मेळावा, ‘यन क्रुन्याख्त’, पुन्हा सुरू केला. तो अजून भरतो. १९८७ मध्ये ती गेली.

तिच्याविषयी अभ्यासकांत वाद आहे आणि तो दडवण्यात अर्थ नाही. तिने नोंदवलेल्या नाचांपैकी म्हाताऱ्यांनी किती दाखवले आणि तुटलेल्या जागा तिने स्वतःच्या कल्पनेने किती भरल्या, असा तो वाद. कोणाला अर्धा फेर आठवत होता, कोणाला चाल आठवत होती पण पावले नाही. अशा तुकड्यांतून जोडलेला नाच पूर्वीच्या नाचासारखाच असेल, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आज बेटावर मोठ्या मानाने नाचला जाणारा कट्यारीचा नाचही या शंकेतून सुटलेला नाही. अभ्यासकांनी ही शंका घेतलीच पाहिजे; कुठे मूळ आहे आणि कुठे जोड आहे हे स्वच्छ लिहून ठेवायला हवे. पण पोर्ट सेंट मेरीच्या नाक्यावर आज सकाळी फेरात उभ्या असलेल्या मुलीने आधी पुरावा मागावा आणि मग पाय उचलावा, असा आग्रह धरणारे आम्हाला परंपरेचे राखणदार वाटत नाहीत. पुराव्याअभावी ती नाचली नसती, तर अभ्यासकाला शंका घ्यायलासुद्धा काही उरले नसते.

आणि काय टिकवायचे, काय सोडायचे, हेही नाचणारेच ठरवत आले आहेत. मॅनच्या लोकांनी पक्षी सोडला, फेर ठेवला. इंग्लंडमध्ये मॉरिस रिंग ही १९३४ ची संघटना पुरुषांची होती. बायकांनी वाट पाहिली नाही, १९७५ मध्ये आपली वेगळी संघटना काढली. २०१८ मध्ये मॉरिस रिंगनेही बायका असलेल्या संघांना दार उघडले. मेरी नीलच्या पोरींनंतर शंभराहून जास्त वर्षांनी! वेल्सलगतच्या सीमाभागातल्या मॉरिसमध्ये तोंडाला पूर्ण काळे फासण्याची रीत होती. वेश पालटण्यासाठी ती सुरू झाली असे अनेक जण सांगत, पण रस्त्यात उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय माणसाला ते पाहून काय वाटते, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. २०२० मध्ये मॉरिसच्या तीन संघटनांनी मिळून ती बंद करण्याचे ठरवले. काही संघांना ते फार लागले. आम्हाला तो निर्णय योग्य वाटतो. जो नाच शेजाऱ्याच्या दारात जाऊन करायचा, त्याने शेजाऱ्याला मान खाली घालायला लावू नये.

शेजारी हा शब्द इथे सहज आलेला नाही. आयल ऑफ मॅनवर पाहुणे येतात ते उन्हाळ्यात; मोटरसायकलच्या शर्यतींसाठी जूनमध्ये रस्ते भरून जातात. ५ जुलैला सेंट जॉन्स इथल्या टेकडीवर बेटाची संसद उघड्यावर भरते, तेव्हाही नाच असतो आणि बघायला गर्दी असते. आजच्या दिवशी तसे कोणी नसते. तिकीट नाही, मंच नाही, खुर्च्या नाहीत. ज्यांच्यासमोर नाचायचे ती समोरच्या घरातली, रोजच्या ओळखीची माणसे. सरकारी मदतीने महोत्सव भरवता येतात आणि भरवावेतही, पण डिसेंबरच्या वाऱ्यात शेजाऱ्याच्या दारापर्यंत कोणाला मदतीच्या बळावर चालत नेता येत नाही. आम्हाला या दिवसाचे अप्रूप वाटते ते यासाठी.

किंबर मॉरिस नाचत आणि शिकवत म्हातारा झाला. १९६१ मध्ये तो गेला तोही २६ डिसेंबरलाच, शार्पच्या खिडकीसमोर वाजवल्याला बासष्ट वर्षे झाली त्या दिवशी. हेडिंग्टन क्वॉरीचे नाचणारे आजही या तारखेला गावात नाचतात.

आणि उद्या २७ डिसेंबर. क्रेगनीशचा नेड मॅड्रेल गेला तो याच तारखेला. मँक्स लहानपणापासून बोलत आलेला तो शेवटचा माणूस, पेशाने कोळी. १९४८ मध्ये आयर्लंडहून ध्वनिमुद्रणाची साधने घेऊन माणसे बेटावर आली, तेव्हा त्याचा आवाज टिपला गेला. पुढे भाषा शिकायला तरुण त्याच्या दारात येत, आणि तो बोलत बसे. १९७४ मध्ये तो गेला तेव्हा जगाने भाषेच्या नावापुढे शून्य मांडले. युनेस्कोच्या २००९ च्या नकाशातही ती मृत भाषांत होती. २००१ मध्ये सुरू झालेली मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सेंट जॉन्सला चालते. तिथल्या मुलांनी युनेस्कोला पत्रे लिहिली: आमची भाषा मेली असेल, तर हे आम्ही कोणत्या भाषेत लिहितो आहोत? पत्रे मँक्समध्ये होती. युनेस्कोने आपली नोंद बदलली.

ती पत्रे लिहिणारी मुले आता पंचविशीच्या आसपास असतील. बेटावर राहिलेल्यांपैकी कोणी ना कोणी आज काठीभोवतीच्या फेरात असेल, आणि हात धरायला शेजारी एखादे लहान मूल.