सतरा वर्षांच्या पोराला कोण विचारणार?

'शॉक' म्हटलं की आपल्या वस्त्यांत भीती पसरते. भूल न देता शॉक दिल्याचा इतिहास पाहता ती खोटी नाही. तरीही आम्ही या उपचाराच्या विरोधात नाही. अन्नपाणी सोडून ताठर पडलेल्या रुग्णाचा जीव ईसीटीने वाचू शकतो, किशोरवयातही. आमचा प्रश्न संमतीचा आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधांविना ईसीटीवर बंदी घातली. निर्णयक्षम प्रौढ स्वतः होकार किंवा नकार देतो. अठराखालील मुलांना मात्र ईसीटीची मनाईच आहे. मानसोपचारतज्ज्ञाला ती गरजेची वाटली, तर पालकांची माहितीपूर्ण संमती आणि पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. पण त्या मुलालाही विचारा, असं हे कलम म्हणत नाही. आणि इंग्रजी फॉर्मवर मजूर आईचा अंगठा उमटला, की झाली का संमती?

त्याच मंडळात रुग्ण, काळजीवाहक किंवा सामाजिक संस्थांच्या प्रतिनिधींसाठी कायद्यानेच दोन जागा ठेवल्या आहेत. मोफत कायदेशीर मदतीचा हक्कही दिला आहे. कार्यकर्त्यांनो, या जागांवर दावा सांगा. मराठीत समजावून सांगितल्याशिवाय आणि मुलाचं म्हणणं नोंदवल्याशिवाय परवानगी नको, हे तिथे बसून ठणकावून सांगा. हक्क नुसता कागदावर राहिला तर तो मालकांच्याच कामाचा.

जय भीम!