ओटीपी हा आजचा अंगठा



महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. अक्षरशत्रू शेतकऱ्याला कागद वाचणारा कसा नागवतो, हे त्यांनी त्यात उघडे केले. आज कागद मोबाईलात गेला. नागवणे मात्र संपलेले नाही.

सातबारा म्हणजे दोन नमुने. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये पीक कोणते. बाराची नोंद पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि हे काम आपल्या अंगावर पडले. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, क्षेत्र भरायचे, पाठवायचे. पीककर्ज, विमा, भातखरेदी, नुकसानभरपाई, सगळीकडे हीच नोंद विचारतात.

वसईच्या पश्चिमेला केळी, फुले, भाजीच्या वाड्या. तिथे घरात शिकलेली मुले आहेत, काम भागते. पूर्वेला पारोळ, भाताणे, मेढे या बाजूच्या पाड्यांवर मोबाईल असला तर रेंज नाही, रेंज असली तर रिचार्ज नाही. एका पाड्यावर एका बाईंचा कापलेला भात पावसात कुजताना मी पाहिला. उताऱ्यावर पिकाची जागा कोरी होती. मी शेतीचा पदवीधर. भाताची जातसुद्धा सांगू शकलो असतो. पण माझ्या सांगण्याने कोरी जागा भरत नव्हती.

दुसरा धोका याहून मोठा. नोंद ‘करून देणाऱ्या’च्या हाती आपण मोबाईल देतो आणि ओटीपी सांगून मोकळे होतो. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नये, हे आपण आजोबांकडून शिकलो. ओटीपी हा तोच अंगठा आहे.

शेतकऱ्याने शिकावे, एवढे म्हणून सरकारची सुटका नाही. ज्याची पाहणी राहिली त्याच्यासाठी नेमलेला सहायक कोण, त्याचे नाव चावडीवर लागलेच पाहिजे. रेंज नसलेल्या पाड्यांवर त्याने स्वतः गेले पाहिजे. ही मागणी आपण या बैठकीत ठरावाने करू.

पण ठरावाची वाट पाहत पीक उभे राहत नाही. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद होते. म्हणून प्रत्येक पाड्यावरच्या दोन शिकलेल्या मुली-मुलांची नावे आजच द्या. त्यांना आपण शिकवू, ते गावाला शिकवतील. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, हेही सर्वांना सांगा. आणि नोंद झाली की ती स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर आपल्या माणसाकडून वाचून घ्या.

जमीन आपली, पीक आपले. नोंदही आपल्याच हाताची हवी.