वैविध्य धोरण सर्वांच्या सहभागातून ठरावे : निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
सर ज. जी. स्कूल ऑफ आर्ट, आर्किटेक्चर अँड डिझाइन (अभिमत विद्यापीठ), मुंबई

विषय : विद्यापीठाचे वैविध्य धोरण विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी व कलावंत यांच्या सहभागातून तयार करण्याबाबत.

महोदय,

१८५७ साली सुरू झालेल्या या संस्थेला २०२३मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम आणि पदवीसाठी पूर्वी मुंबई विद्यापीठाकडे पाहावे लागे. आता काय शिकवायचे, गुण कसे द्यायचे आणि कुणाला शिकवायला बोलवायचे, हे बऱ्याच अंशी संस्थेतच ठरणार आहे. पहिल्या काही वर्षांत जी पद्धत रूढ होते, ती पुढे बदलणे अवघड जाते. म्हणून वैविध्याचे लेखी धोरण आताच व्हावे आणि ते ज्यांच्यासाठी आहे त्यांनीही ते लिहावे, अशी आमची मागणी आहे. तयार मसुदा सूचनाफलकावर लावून पंधरा दिवसांत हरकती मागवणे, याला आम्ही सहभाग मानत नाही.

वरून आलेला नियम पुरेसा ठरत नाही, याचा अनुभव देशाने घेतला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२मध्येच समतेविषयी विनियम काढले. त्यांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद होती. तरीही जातिभेदाच्या आरोपांनंतर आत्महत्या केलेले विद्यार्थी रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांना २०१९मध्ये याच विनियमांच्या अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तक्रार कुणाकडे करायची हे कागदावर असते, पण ज्याच्याकडे करायची त्याच्याच हाती आपले गुण असतील तर विद्यार्थी गप्प बसतो. ही भीती कुठे आणि कशी निर्माण होते, हे ज्यांना सोसावे लागते त्यांना विचारल्यावाचून कोणत्याही समितीला कळणार नाही.

कलाशिक्षणात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. गणिताच्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याची बोली दिसत नाही. परीक्षकांच्या ज्युरीसमोर मात्र तो आपल्या कामाशेजारी उभा असतो आणि त्याला आपली संकल्पना बोलून मांडावी लागते, तीही अनेकदा इंग्रजीत. तिथे काम जोखले जाते की मांडणीतली सफाई, हे सांगणे कठीण असते. ‘चांगले चित्र’ कशाला म्हणायचे, ही अभिरुचीही आकाशातून पडत नाही. ती घर, शाळा, जात आणि शहर यांतून घडते. त्यात साहित्याचा खर्च वेगळाच. कॅनव्हास, तैलरंग, साचेकामाचे सामान किंवा सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून काम लहान ठेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या कामाला ‘महत्त्वाकांक्षा कमी’ असा शेरा मिळू शकतो. आरक्षणाने प्रवेश मिळतो. प्रवेशानंतरच्या या गोष्टी आरक्षणाच्या कक्षेत येत नाहीत. ‘आरक्षण आहे, मग वेगळे धोरण कशाला’ या प्रश्नाला आमचे हेच उत्तर आहे.

कुणाला शिकवायला बोलवायचे, यासाठी वारली चित्रकलेचे उदाहरण घ्या. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचा मान सुवासिनींचा होता. १९७०च्या दशकात ही कला कागदावर आली आणि पुढे २०११मध्ये जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथी (चित्रे दाखवून कथा सांगण्याच्या) परंपरेतील परशुराम गंगावणे यांचाही २०२१मध्ये तसाच सन्मान झाला. शासन ज्यांना पद्म पुरस्कार देते, त्या परंपरांतील कलावंतांना पाहुणे म्हणून एका दिवसाच्या कार्यशाळेपुरते बोलावणे पुरेसे नाही. त्यांना अभ्यास मंडळात बसवावे. पदवीची अट आडवी येत असेल, तर ती बदलण्याचा प्रस्ताव धोरणातच असावा.

अशा धोरणामुळे दर्जा घसरेल, असा आक्षेप येईल. निकष लपलेले असले म्हणजे दर्जा टिकतो, असे मात्र कुणी सिद्ध केलेले नाही. निकष आधी लिहून जाहीर केले तर परीक्षकालाही त्यांचे उत्तर द्यावे लागते. विद्यार्थी चार-पाच वर्षांत निघून जातात, त्यांना धोरणातले काय कळणार, असेही म्हटले जाईल. त्यांना प्रशासन कळत नसेल, पण अडचण कुठे होते हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. वेळ लागेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. एक शैक्षणिक वर्ष लागेल आणि ते द्यावे.

त्यासाठी विद्यापीठाने एक मसुदा समिती नेमावी. तिच्यातील निम्मे सदस्य विद्यार्थी असावेत, तर उरलेल्यांत कंत्राटी शिक्षक, कार्यशाळा व वसतिगृहाचे कर्मचारी, मॉडेल म्हणून बसणाऱ्या व्यक्ती, दिव्यांग आणि तृतीयपंथी प्रतिनिधी असावेत. बैठका मराठीतूनही व्हाव्यात आणि त्यांची इतिवृत्ते जाहीर व्हावीत. नाव न सांगता मत नोंदवता यावे आणि नाकारलेल्या सूचनेचे कारण लेखी मिळावे. वारसा इमारतींतील वावर सुलभ करणे, साहित्य निधी आणि ज्युरीचे लेखी निकष यांसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद व्हावी; पैशाविना धोरण म्हणजे परिपत्रकच. शिष्टमंडळाला भेटीची वेळ द्यावी आणि या मागण्यांवरील निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले,
कलाशिक्षणाशी संबंधित विद्यार्थी, शिक्षक व नागरिक