मिस्त्री दारात आला, कागद कुठे आहे?

गाडी ढकलत गॅरेजपर्यंत न्यायचे दिवस शहरांतून तरी मागे पडत चालले आहेत. पुण्यात, ठाण्यात, नाशकात आता मिस्त्रीच स्कूटरला पान्यांची पेटी बांधून, खांद्यावरच्या सॅकमध्ये स्कॅनर घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतो. ऑइल बदलतो, ब्रेक पॅड टाकतो, सेल्फ खोलतो, बॅटरी बसवतो आणि पुढच्या गाडीकडे निघून जातो. नोकरी करणाऱ्या बाईला त्यासाठी रजा टाकावी लागत नाही. आजोबांना गॅरेजच्या बाकड्यावर दुपार काढावी लागत नाही. मिस्त्रीलाही डिपॉझिट भरून गाळा घ्यावा लागत नाही. हातात कसब आहे पण भांडवल नाही अशा पोरांना या धंद्याने पायावर उभं केलंय, म्हणून मला त्याचं फार कौतुक आहे. आणि म्हणूनच त्यात जे हमखास राहून जातं त्याबद्दल लिहावंसं वाटतं. राहून जातो तो कागद. काय काम करायचं, किती पैशांत, बिघडलं तर कोणी निस्तरायचं, हे लिहिलेला साधा करार.

कागदाचा विषय काढला की दोन्हीकडून एकच उत्तर येतं. मिस्त्री म्हणतो, "साहेब, आपलं काम शब्दावर चालतं." गाडीवाला म्हणतो, "ओळखीचा माणूस आहे हो, त्याच्याकडून काय सह्या घ्यायच्या?" शब्दावर व्यवहार करणं बेकायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारालाही मान्यता आहे. पण गॅरेजमध्ये शब्दावर भागत होतं त्याला कारण होतं. तिथे शब्दाच्या मागे बाकीचं बरंच काही उभं असायचं आणि ते फिरत्या मिस्त्रीच्या मागे नसतं.

गाडी गॅरेजला लावली की किल्ली मालकाच्या खिळ्याला लागते. त्या क्षणापासून गाडी त्याच्या ताब्यात. करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे तिची शहाण्या माणसासारखी काळजी घेणं त्याच्यावर येतं, आणि कलम १७० प्रमाणे त्याला एक मोठा हक्कही मिळतो. मजुरी मिळेपर्यंत तो गाडी अडवून ठेवू शकतो. "पैसे द्या, गाडी न्या" हे गॅरेजवाल्याचं वाक्य उर्मटपणाचं वाटलं तरी त्याला कायद्याचा आधार आहे. आता पार्किंगमध्ये काम करणाऱ्या मिस्त्रीचं पाहा. गाडी मालकाच्याच जागेत, मालकाच्याच ताब्यात. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं स्वतःच्या पैशाने नाना पेठेतून उचलून आणलं, दिवसभर गाडीखाली पाठ घासली, आणि शेवटी मालक म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघू." तो काय अडवणार? बसवलेला पार्ट काढून नेता येत नाही, गाडी थांबवून धरता येत नाही. झालेल्या कामाच्या पैशांसाठी तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो हे खरं, पण दोन-चार हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो? कागदाची गरज गिऱ्हाइकाला असते असं सगळे धरून चालतात. मला उलट वाटतं. गाळा नसलेल्या मिस्त्रीला ती जास्त आहे.

गिऱ्हाइकाची बाजूही तितकीच उघडी पडलेली असते. गॅरेजवर पाटी असते, गाडी पुन्हा बिघडली तर जाऊन उभं राहता येतं. दारात येणाऱ्या माणसाचा फक्त मोबाइल नंबर असतो, आणि तो बंद लागला की संपलं.

भांडण नेमकं कुठे पेटतं ते जवळून पाहिलेलं एक उदाहरण सांगतो. आमच्या शेजारच्या इमारतीत एका गाडीचं ऑइल बदलायला मिस्त्री आला होता. चेंबरच्या तळाला ऑइल काढायचा बोल्ट असतो. त्याला पाना लावल्यावर तो सुटा होण्याऐवजी नुसताच जड जड फिरत राहिला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये चेंबरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत तारा गुंडाळलेल्या होत्या. आधी कोणीतरी पान्याला पाइप घालून तो गरजेपेक्षा जास्त आवळला असणार. आता ऑइल सगळं खाली पसरट डब्यात, बोल्ट धरायला आटे नाहीत, आणि गाडी जागची हलवता येत नाही. नवे आटे पाडायचे किंवा चेंबर बदलायचं, दोन्हीला पैसे आणि वेळ. मालक म्हणत होते, "काल गाडी चालत होती, तुम्ही खोलली आणि बिघडली." मिस्त्री म्हणत होता, "काका, हे आधीचंच आहे, मी नुसता पाना लावला." दोघंही खरं बोलत होते. वॉचमनपासून सेक्रेटरींपर्यंत सगळे गोळा झाले, मिस्त्रीने शेवटी अर्ध्या खर्चाला मान डोलावली, आणि त्या इमारतीत तो परत आला नाही. चांगल्या हाताचा माणूस होता.

काम सुरू करण्याआधी एवढंच लिहिलेलं असतं, की जुने, गंजलेले किंवा आटे गेलेले नट-बोल्ट खोलताना तुटले तर त्याचा खर्च मालकाचा, मात्र मिस्त्रीने स्वतः आवळताना आटे घालवले तर त्याचा, तर वाद पाच मिनिटांत मिटला असता. यात दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. काही जण "कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार नाही" असा शिक्का पावतीवर मारून मोकळे होतात. तसल्या ओळीच्या भरवशावर कोणी राहू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी ही तक्रारीची जागा आहे, आणि ग्राहकाच्या हक्कांवर एकतर्फी गदा आणणाऱ्या अनुचित कराराची वेगळी व्याख्याही त्यात आहे. पैसे घेऊन बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि सेवेचं मोल ५ लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. मिस्त्रीने स्वतःचा बचाव जरूर लिहावा, पण ज्याचं त्याचं माप ज्याच्या त्याच्या पदरात घालून.

दुसरी ठिणगी म्हणजे "काम वाढलं". ब्रेक पॅड बदलायला चाक काढलं आणि डिस्क झिजलेली निघाली, ही फसवणूक नव्हे, चाक काढल्याशिवाय ते दिसतच नाही. फसवणूक होते ती न विचारता डिस्क बदलून बिल हातात ठेवण्यात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९७१ साली खास गाडी-दुरुस्तीसाठी कायदा केला. तिथे कामाआधी लेखी अंदाज द्यावाच लागतो, गिऱ्हाइकाने होकार दिल्याशिवाय त्याच्या वर एक पैसा लावता येत नाही, आणि काम देतानाच मागितले तर काढलेले जुने पार्ट परत द्यावे लागतात. आपल्याकडे दुरुस्तीसाठी असा वेगळा कायदा नाही. पण करारात ही तीन वाक्यं घालायला कायद्याची वाट कशाला पाहायची? खोलून पाहण्याची फी किती, ती काम न करताही द्यायची का, अंदाजाच्या वर गेलं तर काम थांबवून फोन करायचा, आणि जुना पार्ट फडक्यात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा. या शेवटच्या गोष्टीने जेवढा विश्वास बसतो तेवढा गोड बोलण्याने बसत नाही. झिजून पत्र्यापर्यंत गेलेला पॅड माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की तो बिलाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

पार्ट कोणी आणायचा हाही प्रश्न आताच लिहून टाकावा. हल्ली मालक ऑनलाइन पाहून स्वस्तातला पार्ट स्वतःच मागवतात आणि मिस्त्रीला फक्त बसवायला सांगतात. तो महिन्याभरात गेला तर मिस्त्रीने फुकट परत काम करायचं का? माझ्या मते नाही. त्याने मजुरीची हमी द्यावी, पार्टची नाही, आणि ते आधी सांगावं. मिस्त्रीने पार्ट आणला असेल तर तो कंपनीचा ओरिजिनल की लोकल, याची नोंद बिलावर हवी. पार्ट आणि मजुरी वेगवेगळी दाखवावी. जीएसटीची नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावता येत नाही हेही दोघांनी ध्यानात ठेवावं. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या मिस्त्रीला सहसा ती नोंदणी सक्तीची नसते.

कधी कधी पार्किंगमध्ये काम होतच नाही. अल्टरनेटर खोलून वाइंडिंगवाल्याकडे न्यावा लागतो. तेवढ्या एका पार्टपुरता मिस्त्री गॅरेजवाला होतो. तो पार्ट त्याच्या ताब्यात, म्हणून काळजीही त्याची आणि मजुरी मिळेपर्यंत अडवण्याचा हक्कही त्याचा. असा पार्ट नेताना फोटो, त्यावरचा नंबर आणि परत आणायची तारीख हे कागदावर हवंच, नाहीतर "माझा पार्ट बदलून दुसराच लावला" हा आरोप खोडून काढता येत नाही. तसंच आल्या आल्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो आणि किलोमीटरचा आकडा. बंपरवरचा जुना ओरखडा कोणाचा, यावरून नंतर होणारी कटकट त्याने वाचते.

"बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला तर वॉरंटी जाते" ही भीती शोरूममधून पसरवली जाते आणि नव्या गाडीचा मालक दबकतो. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांविरुद्ध आदेश देताना सांगितलं होतं, की स्वतंत्र दुरुस्तीवाल्याकडे गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरती ती नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण मिस्त्रीसाठी यातून निघणारी गोष्ट साधी आहे. आपण नेमकं काय केलं आणि काय केलं नाही याची नोंद असेल, तर इंजिनमधल्या भलत्याच बिघाडाचं खापर ऑइल बदलणाऱ्याच्या डोक्यावर फुटत नाही.

मालकानेही काही गोष्टी पत्करायला हव्यात. जॅक सरकणार नाही अशी सपाट जागा द्यायची, सोसायटीची परवानगी त्याने काढायची. गाडीखाली झोपलेल्या माणसाला "इथे काम करायचं नाही" म्हणून वॉचमनने उठवणं हे अपमानाचं आहे आणि धोक्याचंही. काढलेलं जळकं ऑइल गटारात जाता कामा नये, ते घातक कचऱ्यात मोडतं. ते कोण नेणार हे ठरलेलं असावं, आणि मी तर म्हणेन मिस्त्रीनेच न्यावं आणि त्याचे थोडे पैसे बिलात धरावेत.

मोठा पैसा असतो तो वार्षिक कंत्राटात. एखाद्या शाळेच्या व्हॅन, एखाद्या कंपनीच्या टेम्पो. इथे तोंडी व्यवहार करणारा मिस्त्री हमखास मरतो, कारण समोर अकाउंट्स खातं असतं आणि "बिल प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर कितीही महिने पुरतं. अशा मिस्त्रीने उद्यम नोंदणी आधी करून घ्यावी. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त ठेवताच येत नाही. लेखी काही नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. एवढं मोठं हत्यार सरकारने हातात दिलंय आणि ते वापरणारे मिस्त्री मला फारसे भेटत नाहीत. कंत्राटात हे कलम नावानिशी लिहावं. शिवाय किती व्हिजिट, कोणत्या गाड्या, रात्री-अपरात्री बोलावलं तर जादा किती, पार्टचे पैसे आगाऊ की नंतर, आणि नोटीस किती दिवसांची. हा करार मात्र स्टॅम्पवर करावा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या स्टॅम्पची जागा पाचशेच्या स्टॅम्पने घेतली आहे. वर्षभराच्या धंद्यापुढे तो खर्च काहीच नाही.

रोजच्या कामाला एवढा थाट लागत नाही. मराठीत लिहिलेलं एक पान, मोबाइलवर भरता येईल असं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं आणि मालकाने "मान्य आहे" लिहायचं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून असा करार नाकारता येत नाही. फक्त ते बोलणं डिलीट करायचं नाही. भाषा मात्र मराठीच हवी. इंग्रजीतला नमुना कुठूनतरी उतरवून घेतला की त्यात काय लिहिलंय हे ना मिस्त्रीला कळतं ना काकांना.

हे पान मिस्त्रीने एकट्याने तयार करावं ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. पोरं इंजिन उतरवायला, व्हॉल्व्ह सेट करायला, स्कॅनर वाचायला शिकून बाहेर पडतात, आणि त्यांतली कितीतरी पुढे स्वतःच्या स्कूटरवर हाच धंदा करतात. औंधच्या आयटीआयपासून सुरुवात करून प्रत्येक संस्थेने शेवटच्या सत्रातले दोन दिवस जॉब कार्ड, अंदाज आणि करार लिहायला द्यावेत. जिल्हा ग्राहक आयोगापुढे काम करणारा एखादा वकील बोलवावा आणि त्याच्याकडून एक मराठी नमुना तपासून घ्यावा. तो नमुना पोराच्या हातात सर्टिफिकेटबरोबर पडला पाहिजे.