बिनतारीची तार

"तुझ्या त्या पेटीला म्हणावं, बाहेर ओटीवर बसून काय राहतेस? कधी माजघर ओलांडून आत ये की!"

आई असे म्हणाली तेव्हा आम्ही सगळे हसलो. पेटी म्हणजे वाय-फायचा राउटर. त्या बोलण्यात थट्टा थोडी आणि तक्रार पुष्कळ होती, हे ध्यानात यायला मला दोन महिने लागले. मराठीच्या प्राध्यापकाला व्यंजना उशिरा कळावी, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

आमचे घर रत्नागिरीतल्या जुन्या घरांसारखेच लांबट. पुढे ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, चांगल्या हातभर जाड. आई राहते त्या मागच्या पडवीतल्या खोलीत. तिथून तिला फणस दिसतो आणि न्हाणीघरही जवळ पडते. धाकटा भाऊ टोरांटोला असतो. दर रविवारी दिवेलागणीला त्याचा फोन येतो. तिकडे तेव्हा सकाळ असते आणि नात नुकतीच उठलेली असते. पूर्वी आई अर्धा तास आधीच ओटीवर येऊन बसे. गेल्या वर्षी तिचे खुब्याचे हाड मोडले आणि मधले तीन उंबरठे तिला डोंगराएवढे झाले. मग आम्ही फोनच तिच्याकडे नेऊ लागलो. तिथे नातीचे तोंड उघडे ते उघडेच राही, आवाज तुटे आणि चित्र गोठे. चार रविवार असे गेल्यावर आई म्हणाली, "मला नाही बोलायचं. तुम्हीच बोला, आणि काय म्हणाली ते मला सांगा."

तेव्हा मात्र मी उठलो आणि एक मोठी चूक करून आलो. बाजारात जाऊन सर्वांत दांडगा दिसणारा राउटर घेतला. त्याला आठ शिंगे होती. खोक्यावर आकडे इतके मोठे होते, की शेजाऱ्यांच्या घरीही चित्रे दिसू लागतील असे वाटावे. घरी आणून ओटीवर बसवला. मागच्या पडवीत नातीचे तोंड उघडेच राहिले.

अखेर माझा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. वर्गात असताना प्रयोग ओळखण्यात त्याची नेहमी गल्लत होई. आता तो हेच जोडणीचे काम करतो. त्याने आधी काहीच विकत घ्यायला सांगितले नाही. फोन हातात धरून तो ओटीपासून पडवीपर्यंत चालत गेला आणि भिंतीवर थाप मारून म्हणाला, "सर, पेटीचा दोष नाही, चिऱ्याचा आहे."

मग त्याने समजावले ते असे. या पेट्या मुख्यतः दोन पट्ट्यांवर बोलतात. एक २.४ गिगाहर्ट्झची, तिच्या लहरी सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, तिच्या लहरी त्याच्या निम्म्याच. दुसरी वेगवान खरी, पण भिंतीपुढे लवकर थकते. मला शिमगा आठवला. पालखी डोंगरापलीकडे असते तेव्हापासून ढोल ऐकू येतो. सनईचे सूर मात्र पालखी खळ्यात आल्यावरच कळतात. त्यातून जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पितो, आणि पाणी या लहरी गिळते. आषाढात आमचे फोन अधिक का तुटत, याचा उलगडा मला तेव्हा झाला. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हीही वाटेतली मोठी विघ्ने.

"पण मी दांडगी पेटी आणली त्याचे काय?" मी विचारले.

"सर, पेटी ओरडली तरी फोनला उलट ओरडता यायला हवं ना! त्याची ताकद तेवढीच." हे दुतर्फा संभाषण आहे, हे मी विसरलोच होतो. शिवाय पेटीनेही किती मोठ्याने बोलावे याला सरकारी मर्यादा असते. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी विद्युत्‌लहरी भिंतीपार पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखवली. घंटा वाजवायला एकच हाक पुरते. नातीशी बोलायचे तर हाकेला प्रतिसाद हवा, तोही अखंड.

यावर लोक सहसा रिपीटर घेतात, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायची छोटी डबी. ती आपण ऐकलेले पुढे सांगते. पण ती लावतात कुठे, तर जिथे ऐकू येत नाही तिथेच! तिला स्वतःलाच नीट ऐकू आले नाही तर ती काय सांगणार? ती मधल्या खोलीत हवी. त्यातही साधी डबी एकाच तोंडाने ऐकते आणि बोलते, त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो. हल्ली तीन पेट्यांचा मेश नावाचा संच मिळतो. बांधकाम हलके असेल तर तो उत्तम. पण त्या पेट्याही एकमेकींशी हवेतूनच बोलणार असल्या, तर त्यांनाही चिरा आडवा येणारच.

आमच्या घराला औषध एकच निघाले : तार. ओटीवरच्या पेटीपासून कॅट सिक्स जातीची केबल निघाली, माळ्यावरून भिंतींच्या डोक्यांवरून गेली आणि मागच्या पडवीत उतरली. तिथे दुसरी, साधीच पेटी ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवली. अशी केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. आमची ३० मीटरही भरली नाही. घेताना आतली तार अस्सल तांब्याची आहे ना, एवढे विचारावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही त्याच रंगात मिळते. उंदरांसाठी तिला प्लॅस्टिकच्या नळीत घातले. वीज जाते त्या वेळेसाठी १२ व्होल्टची छोटी बॅटरी दोन्हीकडे लावली. ओटीवर फायबरची वेगळी डबी आहे, तिलाही बॅटरी हवी, नाहीतर राउटर जागा आणि इंटरनेट झोपलेले असा प्रकार होतो. वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवायचे. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. पण ती प्लगातून आत शिरू शकते.

वाय-फाय हे नाव १९९९ साली हाय-फायच्या यमकावर बेतले गेले. आमच्या वडिलांच्या पिढीचा शब्द 'बिनतारी'. त्यांच्या रेडिओसाठी याच माजघरात तांब्याच्या जाळीची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असे. बिनतारीला तेव्हाही तार लागत होती, आजही लागली.

सगळा खर्च आठ शिंगांच्या पेटीपेक्षा कमी आला. ही फुशारकी नव्हे, कबुली आहे. मी खोक्यावरचे आकडे वाचले, घर वाचले नाही. दिवाळीला आपण गावी जाल आणि घरासाठी अशी पेटी घ्यायचे मनात असेल, तर दुकानात जाण्याआधी फोन घेऊन एकदा शेवटच्या खोलीपर्यंत चालत जा. तिथे कोण राहते तेही पाहा. उठून ओटीवर येता येत नाही, अशा माणसापासून मोजायला सुरुवात करावी.

त्या रविवारी आई नातीशी पाऊण तास बोलली. तिने काय खाल्ले, थंडी किती आहे, बापाला उलट उत्तरे देतेस का, सगळे विचारून झाले. फोन ठेवल्यावर मी मोठ्या आशेने विचारले, "काय, आली की नाही पेटी आत?"

"आली. पण तिचा तो हिरवा दिवा रात्रभर डोळ्यांवर येतो. त्याचं काहीतरी कर बाबा!"

मी कॅलेंडरचा तुकडा कापून त्या दिव्यावर चिकटवला.