पासवर्ड बरोबर, बटण चूक!
रात्रीचे साडेअकरा. सकाळी कव्हर स्टोरी द्यायची आणि लॅपटॉप म्हणतो, पासवर्ड चूक! दादाने लंडनहून आणलेला हा लिनक्सवाला, अख्खी डिस्क एन्क्रिप्टेड. पासवर्ड कालच बदललेला. तो लागला नाही, तर स्टोरी गेलीच समजा. दहादा टाइप केला. घाम फुटला. शेवटी दादाला फोन.

‘अगं, सुरू होताना तो कीबोर्ड अमेरिकन समजतोय!’

ब्रिटिश कीबोर्डवर ‘@’ आणि डबल कोटच्या जागा उलट असतात. स्क्रीनवर टाइप केलेलं दिसतच नाही, मग कळणार कसं? शिफ्ट धरून २ दाबलं... उघडला!

आता माझा पासवर्ड लांबलचक, पण फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. शिवाय स्टोरीची कॉपी पेनड्राइव्हवर. पासवर्ड बदललात? लगेच रीस्टार्ट करून बघा. डेडलाइनच्या रात्री नको, बॉस!