वायूचा खरा खर्च कोणता?

नैसर्गिक वायूच्या उत्पादनाचा खर्च कमी झाला पाहिजे, हे वाक्य अलीकडे इतक्या वेळा कानी पडते की त्यावर वाद घालण्याचे कोणास सुचत नाही. वाद घालावयाचा आहे तो कपात कोठे करावी यावर. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न जिवाचा आहे.

वायू निसर्ग देतो. खर्च सुरू होतो तो वायू वर आल्यावर. समुद्रातील प्लॅटफॉर्म, तेल व पाणी वेगळे करणारी यंत्रे, वायूतील ओल काढण्याची व्यवस्था, दाब वाढविणारे कॉम्प्रेसर, समुद्रतळावरील वाहिन्या आणि किनाऱ्यावरील प्रकल्प अशी ही साखळी आहे. तिच्या खर्चाचा मोठा भाग आराखड्याच्या कागदावरच ठरून जातो. पोलाद एकदा कापले की पुढे काटकसरीला दोनच जागा उरतात: देखभाल आणि माणसे.

प्रकल्पांचे अभियंते एक ठोकताळा वापरतात. क्षमता दुप्पट केली तर खर्च दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होतो. म्हणजे चार जणांनी चार वाहिन्या टाकण्यापेक्षा चौघांनी मिळून एक मोठी टाकणे स्वस्त. मुंबई हाय 1974 साली सापडले, 1976 मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले आणि 1978 मध्ये तेल व वायू वाहिन्यांनी उरणला येऊ लागले. अनेक विहिरींचे छोटे प्लॅटफॉर्म एका प्रक्रिया-प्लॅटफॉर्मला जोडावयाचे आणि तेथून समाईक वाहिनीने माल किनाऱ्यावर आणावयाचा, ही रचना शक्य झाली, कारण क्षेत्र एकाच सार्वजनिक महामंडळाच्या हाती होते. स्पर्धेने खर्च उतरतो असे सांगणाऱ्यांनी या समाईक वाहिनीचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

उरणच्याच वायुविद्युत केंद्राचे उदाहरण घ्या. तेथील 432 मेगावॉटच्या वायुचक्क्यांतून बाहेर पडणारी उष्णता पूर्वी हवेत जात असे. त्या उष्णतेवर वाफ करून पुढे 240 मेगावॉटची भर पडली, आणि तीसाठी जादा वायू लागला नाही. खरी काटकसर ती हीच.

परंतु काटकसरीच्या नावाखाली दुसरेही काही घडते. मुंबई हायचा बराचसा वायू तेलाबरोबर येतो; तो नको म्हणून थांबविता येत नाही. तेल आधी, वायूची सोय नंतर, असे धोरण राहिले. कॉम्प्रेसर, वाहिन्या आणि वायू घेणारे कारखाने मागे पडले. परिणाम असा की 1990-91 साली देशात सुमारे 18 अब्ज घनमीटर वायू निघाला आणि त्याचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग नुसता जाळला गेला. थळचा खत कारखाना ज्या वायूवर चालतो, तोच हा वायू. खात्याच्या वहीत भांडवली खर्च वाचला. राष्ट्राच्या वहीत तो अनेक पटींनी नावे पडला.

दुसरा हिशेब याहून कठोर आहे. 27 जुलै 2005 रोजी एक साहाय्यक जहाज मुंबई हाय उत्तर प्लॅटफॉर्मवर आदळले. वायू वाहून नेणारी नळी प्लॅटफॉर्मच्या सांगाड्याबाहेर होती. ती फुटली, आग लागली, सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि 22 जण मृत्युमुखी पडले. ती नळी सांगाड्याच्या आत घ्यावी की बाहेर ठेवावी, तिला संरक्षक कठडा द्यावा की नाही, हे निर्णय आराखड्याच्या टेबलावर होतात. त्यांची किंमत मात्र टेबलापासून फार दूर असलेली माणसे देतात. 3 सप्टेंबर 2019 रोजी उरणच्या प्रकल्पात लागलेल्या आगीत चार जण दगावले. त्यांत आग विझविण्यास धावलेले जवान होते.

मग आपण काय मागावे? पनवेलला महामंडळाची अभियांत्रिकी व महासागर तंत्रज्ञान संस्था 1983 पासून आहे. तरीही मुंबई हायचे उत्पादन वाढविण्यासाठी 2025 मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीशी 10 वर्षांचा तांत्रिक सेवेचा करार झाला. परकीय ज्ञानाचे आपणास वावडे नाही. परंतु ते पनवेलच्या अभियंत्यांच्या हाती किती उतरले, हे लोकसभेत विचारले गेले पाहिजे. तेल उद्योग सुरक्षा संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्या छत्राखाली आहे. उत्पादनाचे लक्ष्य ठरविणाऱ्याने सुरक्षिततेचाही न्याय करावा, ही व्यवस्था बदलली पाहिजे. आणि खर्चकपातीचा प्रत्येक प्रस्ताव, कंत्राटी कामगारांसह सर्व कामगारांच्या प्रतिनिधींसमोर व किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींसमोर, मंजुरीपूर्वी ठेवला गेला पाहिजे.

उरण, अलिबाग आणि पनवेल येथील आपल्या कार्यकर्त्यांनी 'खर्च कमी करा' या घोषणेला भिऊ नये. ती घोषणा आपलीही आहे. फक्त प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारावा: वाचलेला पैसा कागदावरच्या रेषेतून वाचला, की कोणाच्या जिवातून?